कोलंबी सुस्त दिसली की तळ्यावरच चाचणी कशी लावायची

दिवाळे कोळीवाड्यात आमचं घर, कोलंबीचं तळं खाडीच्या अंगाला. गेल्या खेपेला बीज सोडून 22 दिवस झाले होते. चेक ट्रेमध्ये (किती खाल्लं ते बघायच्या ताटात) खाद्य तसंच उरलं आणि बांधाला पाच-सहा कोलंब्या मरून पडल्या. भीती एएचपीएनडीची, म्हणजे विष करणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूमुळे कोलंबीला होणाऱ्या रोगाची. घाईत मी त्यांतलीच एक उचलली. दुसऱ्या दिवशी जिवाणू वाढवायच्या प्लेटवर हिरव्या ठिपक्यांचा सडा. तळं मोडायला निघाले होते, थोरल्या दिरांनी थांबवलं. जिवंत कोलंब्यांची चाचणी केली, तर विषाचं जनुक नव्हतंच. पहाटे पाण्यात हवा घालणारा एअरेटर बंद पडला होता, म्हणून मेल्या.

म्हणून आधी हेच सांगते: मेलेली कोलंबी घेऊ नका. आपल्याकडच्या उकाड्यात ती काही तासांत सडू लागते आणि नाही नाही ते जिवाणू तिच्यात माजतात. सुस्त, रिकाम्या आतड्याची, पण पाय हलवणारी अशी पाच-दहा निवडा. डोक्याच्या कवचाखाली हेपॅटोपँक्रियास, म्हणजे कोलंबीची पाचक ग्रंथी असते, आम्ही तिला एचपी म्हणतो. ते फिकट, आक्रसलेलं असेल, त्यावर काळ्या रेघा असतील आणि चिमटीत सहज चिरडत नसेल, तर उशीर करू नका.

प्लेटसाठी टीसीबीएस (व्हिब्रिओ वाढवायचं खाद्य) पावडर पाण्यात फक्त उकळा, कुकरमध्ये घालू नका. मिठाचं पाणी उकळून गार करा, त्यातल्या 9 मिलीत 1 ग्रॅम एचपी वाटा, दहा-दहा पटींनी पातळ करत न्या आणि प्रत्येकातलं 0.1 मिली प्लेटवर पसरा. 30 अंशांवर 18 ते 24 तास ठेवायचं. डिसेंबरात मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावते. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूच्या वसाहती (ठिपके) हिरव्या येतात, पण हिरवं दिसलं म्हणजे रोगच असं नाही. कोलंबी मारतं ते पिर-ए आणि पिर-बी हे विष. त्याची जनुकं असलेल्या प्लास्मिडवाचून (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावाचून) हा जिवाणू तो रोग करत नाही. उलट पिवळ्या वसाहतींतही ती जनुकं सापडू शकतात.

जनुक शोधायला लॅम्प किट, म्हणजे एकाच तापमानाला जनुकाच्या प्रती वाढवणारी चाचणी. प्रयोगशाळेतल्या पीसीआर चाचणीसारखं तापमान वरखाली करावं लागत नाही. बहुतेक किटना 60 ते 65 अंशांचं गरम पाणी तासभर पुरतं, नेमकं किती ते पाकिटावर बघा. दर खेपेला दोन नळ्या जास्तीच्या लावा, एकीत किटमधलं पॉझिटिव्ह द्रव्य, दुसरीत नुसतं शुद्ध पाणी. पाण्याची नळीही पॉझिटिव्ह आली तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द धरा. झालेली नळी कधीही उघडू नका. तिच्यात जनुकाच्या असंख्य प्रती असतात, त्या हवेत गेल्या की पुढच्या चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येत राहतात. एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मी नळ्या माळ्यावर भरते, कोलंबी पडवीत कापते.

पॉझिटिव्ह आलं तर उघाडी (तळ्याचं पाणी आत-बाहेर करायचं दार) बंद, जाळी-बादल्या दुसऱ्या तळ्यात न्यायच्या नाहीत. उरलेलं एचपी 95 टक्के अल्कोहोलमध्ये घालून पीसीआरला पाठवा. अँटिबायोटिक ओतू नका, कृपा करून. वापरलेल्या प्लेटा रात्रभर ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून मगच टाका. आणि हातमोजे घाला. कोलंबीचा काटा टोचलेल्या जखमेतून व्हिब्रिओ माणसालाही धरतो.