पाहिलेल्या चित्रपट-मालिकांवर मत कसे लिहावे

चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर ‘भारी होता’ किंवा ‘काही दम नव्हता’ एवढे बोलून आपण चहाच्या टपरीकडे वळतो आणि आठवडाभराने कुणी विचारले, तर त्यातले दोन प्रसंगही धड आठवत नाहीत. गेली काही वर्षे मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची आणि निवडक मालिकांची नोंद दोनशे पानी वहीत ठेवतो. नात्यातले, गावातले कुणी ‘पाहावा का?’ असे विचारते, तेव्हा ती वही उघडतो. या सवयीतून जी पद्धत बसत गेली ती अशी की वाचणाऱ्याला आपले मत पटले नाही तरी चालेल, पण ते पडद्यावरच्या नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे बनले, हे त्याला दिसले पाहिजे.

नोंदीच्या डोक्यावर तारीख, चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक आणि आपण तो कुठे, कशावर पाहिला हे लिहावे. यातले शेवटचे बहुतेक जण सोडून देतात. छत्रपती संभाजीनगरला महोत्सवाच्या पडद्यावर पाहिलेला चित्रपट आणि रात्री शेतात पाणी देताना मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला चित्रपट, हे दोन वेगळे अनुभव असतात. एकदा तालुक्याच्या एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर इतका मंद होता की रात्रीच्या प्रसंगांत माणसे ओळखू येईनात, आणि मी छायाचित्रण करणाऱ्याला वहीत भरपूर झोडपले. चूक त्याची नव्हती, हे पुढे कळले.

त्याच रात्री, इतरांची परीक्षणे वाचण्याआधी, आठवणारे तीन प्रसंग लिहून काढावेत. त्यांवर मत देण्याची घाई करू नये, फक्त काय दिसले आणि काय ऐकू आले ते लिहावे. उदाहरण म्हणून ‘फँड्री’ घेऊ. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातल्या जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, डुक्कर आता हाती लागणार असे वाटते आणि नेमके त्याच वेळी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या आहे त्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर मात्र निघून जाते. वहीत एवढे लिहिले की मत आपोआप पुढे येते: जातिव्यवस्थेबद्दल एकही भाषण न देता दिग्दर्शकाने एका थांबलेल्या पाठलागात सगळे सांगितले आहे. ‘चित्रपट समाजवास्तव प्रभावीपणे मांडतो’ हे वाक्य शंभर चित्रपटांना चिकटवता येते, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचे नाही. आपल्या वाक्यातून चित्रपटाचे नाव काढून दुसरे घातले आणि तरीही ते खरे ठरले, तर ते वाक्य खोडावे.

कॅमेरा आणि आवाज यांबद्दल लिहायला तांत्रिक शिक्षण लागत नाही, लक्ष लागते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहताना आमच्या शेजारचे गृहस्थ ‘हे हलतच नाही’ म्हणून कुरकुरत होते आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, माणसे चौकटीत येतात, जातात. मात्र हे मुद्दाम केले आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्याने तालुक्याच्या न्यायालयात तारखेसाठी दिवस घालवला आहे, त्याला ती संथ गती ओळखीची वाटेल. शेवटाकडे न्यायालयाचे दिवे मालवून माणसे निघून जातात आणि कॅमेरा अंधाऱ्या दालनासमोर तसाच राहतो. तिथे चित्रपट संपला असे वाटते, पण त्यापुढे न्यायाधीशाची सुट्टी दाखवली आहे. ती का दाखवली असावी, यावर मी अर्धे पान लिहिले आणि तरीही समाधान झाले नाही. असे अनुत्तरित प्रश्नही नोंदीत राहू द्यावेत.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्याकडे मंडळी टेम्पो करून पाहायला गेली आणि महिनाभर वरातीत दुसरे गाणे वाजले नाही. मी मात्र वहीत गाण्यांपेक्षा ती कुठे थांबतात, हे जास्त लिहिले. अजय-अतुल यांच्या वाद्यवृंदाने भरलेला पूर्वार्ध संपतो, पळून गेलेले जोडपे हैदराबादला पोहोचते, आणि शेवटाला तर आवाजच काढून घेतला आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आजही नांदेड, उदगीरकडचे लोक कामासाठी, मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबाद जवळ करतात. त्यामुळे ते शहर इथल्या प्रेक्षकाला तितके परके वाटत नाही. परकेपणावर उभ्या असलेल्या उत्तरार्धाची धार माझ्यापुरती थोडी कमी झाली, आणि हा दोष चित्रपटाचा नसून माझ्या गावाच्या नकाशाचा आहे, असे मी कंसात लिहून ठेवले. आपण कुठून पाहतो हे असे उघड सांगितले, की वाचणारा आपल्या मतातून योग्य तेवढे वजा करू शकतो.

बोलीबाबत मात्र आपण मराठवाड्याचे आहोत याचा पुरेपूर उपयोग करावा. मालिकांनी ‘तुझ्यात जीव रंगला’मधून कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’मधून सातारा आणि ‘रात्रीस खेळ चाले’मधून मालवणी मुलूख घराघरांत नेला, मराठवाड्याच्या वाट्याला तेवढे आले नाही. मकरंद अनासपुरे यांनी इथला हेल मराठी पडद्यावर रुळवला, आणि त्याआधी प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत एकट्याने ५२ पात्रे उभी करून ही बोली किती पेलू शकते ते दाखवून दिले होते. पुष्कळ ठिकाणी मात्र ‘लई’ आणि ‘न्हाई’ पेरले की गावरान झाले, असे समजले जाते. बीडकडे ‘काय करायलास?’ असे विचारतात, लातूर-उदगीरकडे ‘काय करलालास?’ असे विचारतात. एकाच घरातला बाप एक आणि लेक दुसरे बोलत असेल, तर ते नोंदवावे, आणि ‘बोली चुकली’ असे मोघम न म्हणता ऐकलेला संवाद शब्दशः द्यावा.

कामाच्या तपशिलाबाबत सर्वांत चांगली समीक्षा मी आमच्या मायकडून शिकलो. एका मालिकेत सून चुलीपुढे भाकरी करीत सासूशी भांडत होती. गहू निवडता निवडता माय म्हणाली, “आरं, तिनं भाकर तव्यावर टाकली, पण वरून पाण्याचा हात फिरवला न्हाई. चिरंल ती.” त्यानंतर त्या भांडणातला एकही संवाद मला खरा वाटला नाही. ऊसतोडीवरच्या कथानकात हीच कसोटी लावता येते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणणे, पहाटे फडात पडलेल्या दवाने भिजणारे कपडे, यांतले काय दिसते आणि काय गाळले आहे, ते लिहावे. अर्थात भाकरी चुकली म्हणून अख्खी कथा बाद करणे हाही अन्यायच, आणि तो मी अनेकदा केला आहे.

याच्या उलट धोका जवळच्या दुःखाचा असतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातल्या शेतकऱ्याचा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्याही नवऱ्याच्या मनात तसेच काही आहे, या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवू लागते. ज्या गावात अशी घरे आहेत, तिथल्या प्रेक्षकाचे डोळे विषय ऐकूनच भरतात. म्हणून स्वतःला विचारावे की मी पडद्यावरच्या कोणत्या प्रसंगाने हललो आणि कोणत्या आठवणीने. इथे उत्तर सापडते, कारण पाळत ठेवण्याच्या त्या धडपडीतून दिग्दर्शक हसूही काढतो, आणि ते हसू आपल्या आठवणीतले नसते.

मालिकांची पद्धत वेगळी ठेवावी लागते, कारण शेकडो भाग कुणी वहीत धरू शकत नाही. मी सलग पाच भाग पाहतो, तीन महिने सोडतो आणि पुन्हा पाच पाहतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून बावीस-चोवीस मिनिटे उरतात; त्यांतली किती मिनिटे गोष्ट पुढे गेली आणि किती मिनिटे एका वाक्यावर सहा जणांचे चेहरे आळीपाळीने दाखवले, हे घड्याळ लावून मोजावे. तीन महिन्यांनंतरही तोच गैरसमज तिथेच उभा असेल, तर वेगळे मत लिहावेच लागत नाही. मात्र मालिका सोबतीसाठी लावणाऱ्यांची थट्टा करू नये, संध्याकाळी एकट्या घरात तो आवाजही लागतो.

शेवट फोडू नये. वर ‘कोर्ट’बाबत मी ती मर्यादा सैल केली, कारण चित्रपट जुना आहे आणि त्याचा जीव रहस्यात नाही. पाचपैकी तारे देणे मी सोडून दिले आहे. त्याऐवजी कुणाला पाहायला सांगेन, हे लिहितो: ‘मामांना सांगू, बारक्या पोरांना नको.’

वहीचे डावे पान कोरे ठेवावे. त्या मंद प्रोजेक्टरवर पाहिलेला चित्रपट दोन वर्षांनी पुतण्याच्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला, तेव्हा रात्रीच्या प्रसंगात कंदिलाच्या उजेडात म्हातारीच्या हातावरचे गोंदण स्पष्ट दिसत होते. जुनी नोंद मी खोडली नाही. समोरच्या पानावर नवी तारीख टाकली, ‘गोंदण दिसले’ असे लिहिले आणि छायाचित्रणाबद्दलची चार वाक्ये पुन्हा लिहायला घेतली.