हापूसच्या वेबसाइटसाठी मराठी शब्द निवडताना

देवगडच्या पेट्या ऑनलाइन विकायच्या, तर बटणांवर काय लिहायचे? आधी जुना शब्द नव्या कामाला जुंपता येतो का पाहा. लॅटिनमध्ये 'रेते' म्हणजे जाळे, मासेमारीचेही. त्यावरून इंटरनेटला 'इंतेररेते'. स्पॅनिश 'रेद'चेही तसेच. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकराला जाळे काय समजावायचे? म्हणून 'दुवा', 'पान', 'खाते' बिनधास्त वापरा.

नसेल जमत तर उसना घ्या, पण आपल्या वळणावर आणून. स्पॅनिशने ट्विटचे 'तुइत' केले, क्रियापदाचा प्रत्यय लावून 'तुइतेआर' घडवले. स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या 2014 च्या शब्दकोशात दोन्ही आहेत. मराठीत ते काम 'करणे' करते: क्लिक करा, फॉरवर्ड करा.

मग लिंग ठरवा आणि प्रत्यय लावून मोठ्याने वाचा: ती लिंक, लिंकवर, तो पासवर्ड, पासवर्डचा. स्पॅनिशमध्ये 'इंटरनेट' दोन्ही लिंगी चालते, पण तुमच्या एका पानावर 'तो मेल' आणि दुसऱ्यावर 'ती मेल' नको.

सगळ्यात जास्त फसते ते अतिशुद्धीत. 'आम्रफल-मागणीपत्र' कोण शोधणार? गिऱ्हाईक 'हापूस पेटी', 'डझनचा भाव' असेच टाइप करते. बटणावर 'ऑर्डर द्या' पुरे.