‘खुकरी’विषयीचे अनुत्तरित प्रश्न कसे तपासावेत

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात भारतीय नौदलाची युद्धनौका आयएनएस ‘खुकरी’ बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. या घटनेचा अभ्यास करताना प्रथम दोन्ही बाजूंची कथने शेजारी ठेवून कालक्रम मांडावा; मात्र पाकिस्तानी घड्याळ भारतीय घड्याळापेक्षा अर्धा तास मागे असते, हे विसरल्यास घटनांचा क्रमच उलटासुलटा होतो.

त्यानंतर सर्वांत कठीण प्रश्न घ्यावा: पाणबुडीच्या शोधात निघालेल्या जहाजाचा वेग कमी का होता? सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या साधनाच्या) सुधारित यंत्रणेची चाचणी चालू होती, असे कारण दिले जाते. येथे घाईने निकाल देऊ नये. वेग कमी केला की जहाजाचा स्वतःचा आवाज घटतो आणि पाण्यातील क्षीण प्रतिध्वनी ऐकू येतो; पण त्याच मंद गतीमुळे टॉर्पेडोला (पाण्याखालून जहाजावर सोडल्या जाणाऱ्या स्फोटक अस्त्राला) सोपे लक्ष्य मिळते. म्हणून चाचणीची गरज आणि पत्करलेला धोका वेगवेगळे तोलावेत.

सोबतच्या ‘किरपाण’ या युद्धनौकेने तत्काळ बचाव का केला नाही, हे विचारताना तिच्यावरही टॉर्पेडो सोडले गेले होते, हे लक्षात घ्यावे.

वाचलेल्यांच्या आठवणी आदराने नोंदवाव्यात. मात्र प्रत्यक्ष पाहिलेले आणि नंतर ऐकलेले यांसाठी वहीत दोन स्वतंत्र रकाने आखावेत. जहाजासोबत जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्या शौर्याबद्दलचा नितांत आदर आणि निर्णयांची चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, असे मला ठामपणे वाटते.