पॉवर वीडर दुरुस्त करताय? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

दोरी ओढून ओढून खांदा दुखला, तरी पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या ब्लेडने तण काढणारं इंजिनाचं मशीन, सुरू होत नाही. मग वैतागून तो पिकअपमध्ये टाकून पिंपळगावला किंवा ओझरला गॅरेजवर नेला जातो, आणि बऱ्याचदा ठिणगी देणारा प्लग नि इंजिनाला पेट्रोल-हवा पुरवणारा कार्ब्युरेटर साफ केल्यावर लगेच सुरू होतो. याच मशीनच्या गिअरबॉक्समधून तेल गळत असतं, तेव्हा मात्र कोणी गॅरेज गाठत नाही, कारण काम थांबलेलं नसतं. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं. सुरू न होणं ही स्वस्तातली तक्रार आहे, खालून तेल गळणं महागातली.

शाफ्टला गुंडाळलेलं तसंच ठेवणं

आपल्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे मशीन नुसत्या मातीत चालत नाही. छाटणी झाली की बागेत काड्या, सुतळीचे तुकडे, बांधणीची तार पडलेली असते. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये मल्चिंग पेपरच्या चिंध्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्या. हे सगळं ब्लेडच्या शाफ्टला गुंडाळतं आणि आत सरकत सरकत थेट ऑईल सीलपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्यापर्यंत, पोचतं. सुतळी किंवा तार सीलच्या रबरी कडेखाली शिरली की कड कापली जाते. मग गिअर ऑईल बाहेर आणि माती-पाणी आत. सील वेळेवर बदललं तर काम थोडक्यात भागतं. तसंच दामटलं तर बेअरिंग आणि गिअर जातात.

म्हणून रोज काम संपल्यावर इंजिन बंद करा, प्लगची कॅप काढा आणि मगच ब्लेडमध्ये हात घाला. कॅप न काढता ब्लेड हाताने फिरवू नका. गुंडाळलेलं कापून काढायला जुना विळा पुरतो. आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंचे ब्लेडचे संच शाफ्टवरून उतरवून सीलजवळचा भाग बघा. तिथे तेलाने भिजलेली माती चिकटलेली दिसली, तर सील गेलं म्हणून समजा.

संच परत बसवताना डावा-उजवा अदलाबदल होतो, हीही नेहमीची चूक. मशीन पुढे चालताना ब्लेडची धार आधी मातीत शिरली पाहिजे. उलटा बसला तर ब्लेडची बोथट पाठ जमिनीवर आपटते, मशीन उड्या मारतं आणि खोली मिळत नाही. लोक मग इंजिनात ताकद राहिली नाही म्हणत बसतात.

एचटीपीच्या गनने धुणं

फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप घरोघरी आहे, त्यामुळे मशीनही त्याच गनने धुतलं जातं. त्या दाबाचं पाणी सीलमधून गिअरबॉक्समध्ये, एअर फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये घुसतं. गिअर ऑईल दुधाळ दिसलं की पाणी शिरलेलं आहे. ते सगळं काढून नवं भरा आणि पाणी कुठून आलं तेही शोधा. चिखल काढायला लाकडी खुरपणी आणि साधा पाइप बरा.

सुरू होत नाही म्हणून थेट इंजिन खोलणं

आधी पेट्रोलचा कॉक, स्विच आणि चोक बघा. मग इंजिन ऑईल. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ऑईल कमी झालं की सेन्सर ठिणगीच तोडतो. चढावर मशीन तिरकं उभं असलं तरी तसं होऊ शकतं. आधी सपाट जागी घ्या, ऑईल तपासा, प्लगवर संशय नंतर.

दोरी चार-पाच वेळा ओढून प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी नाही किंवा चोक जास्त लागला. काजळी पुसा, प्लगच्या दोन टोकांमधली गॅप साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवा. ठिणगी बघताना पेट्रोलचा कॉक बंद हवा, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं हवं, आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून धरायचा.

पेट्रोल पोचत नसेल तर दोष बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात, असतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर तेच पेट्रोल टाकीत राहिलं की जेटमध्ये चिकट थर बसतो. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं आणि इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागतं. क्लीनर मारून हवेने फुंका. पुढच्या खेपेला मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

सुरू होतं, पण अर्ध्या तासाने बंद पडतं? टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असेल तर पेट्रोल उतरत नाही. दुसरं, इंजिनाच्या कव्हरखालच्या फिन्समध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, वाळलेलं गवत नि धूळ अडकून इंजिन तापतं.

एअर फिल्टर काढून चालवणं

हे कधीही करू नका. द्राक्षाच्या खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, वाळलेल्या जमिनीतून उडणारी धूळ सिलेंडर आणि रिंग खाते. एकदा ते झिजलं की निळा धूर आणि मोठा खर्च. ऑईल बाथ फिल्टर असेल तर त्यातलं तेलही बदलत राहा.

वाफसा नसताना काळ्या जमिनीत घालणं

निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीत ओल जास्त असली की ब्लेडला मातीचे गोळे चिकटतात. बेल्टचं मशीन असेल तर बेल्ट घसरून जळतो. जळका वास आला की थांबा. बेल्टला काही लावून चालवायचा प्रयत्न नको. क्लच केबलचा ताण बघा, बेल्टला चीर असेल तर त्याच मापाचा नवा टाका. जमीन वाफशावर येऊ द्या, म्हणजे ओल मशागतीपुरतीच राहू द्या.

मशीन पुढे पळतं म्हणून दोन्ही हातांनी मागे खेचणंही चुकीचं. मागचा, ब्लेड किती खोल जातील ते ठरवणारा दांडा खाली करा, वेग आपोआप कमी होतो आणि ब्लेड खोल जातात.

टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या बंगल्यांच्या बागांत छोटे टू-स्ट्रोक टिलर दिसतात. त्यात पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावंच लागतं. 25:1 प्रमाण असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा. एकदा साधं पेट्रोल भरून चालवलं तरी पिस्टन जाम होऊ शकतो.

द्राक्षाच्या ओळीत रिव्हर्स घेताना मागे खांब किंवा अँगल किती जवळ आहे, हे आधी वळून बघा. हँडल आणि खांबाच्या मध्ये माणूस सापडला की क्लच सोडायलाही सुचत नाही. ओळीच्या टोकाला वळायला जागा असेल तर रिव्हर्स टाळाच. आणि क्लचचा लिव्हर सुतळीने बांधून ठेवण्याची सवय कोणाला असेल, तर ती सुतळी आजच कापून टाका.