मानसशास्त्रातल्या ‘नव्या संशोधनावर’ विश्वास ठेवण्याआधी

‘संशोधनातून सिद्ध झालं’ असं वाचलं की बातमी बाजूला ठेवून मूळ शोधनिबंध शोधा. संशोधकाचं किंवा नियतकालिकाचं नावच दिलेलं नसेल, तर त्या बातमीवरून काहीही ठरवू नका. निबंध हाती आला की सारांशावर थांबू नका, थेट ‘पद्धत’ हा भाग उघडा.

आधी माणसं मोजा. दोन गटांतला फरक मध्यम, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत, त्या मापाच्या) निम्मा असेल, तर तो 80 टक्के वेळा पकडायला प्रत्येक गटात साधारण 64 जण लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या 0.2 पट इतका लहान असेल, तर 390 च्या वर. ऐसपैस, रुबाबात बसल्या-उभं राहिल्याने संप्रेरकं बदलतात, हा 2010 मधला गाजलेला निष्कर्ष अवघ्या 42 जणांवर बेतलेला होता. 2015 मध्ये 200 जणांवर तो पडताळून पाहिला, तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही. लहान नमुन्यात निव्वळ योगायोगानेही मोठा फरक दिसतो, आणि छापून येण्याची संधी अशाच फरकाला जास्त मिळते.

मग पी-मूल्यं पाहा. मुळात परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य; ते 0.05 च्या खाली आलं की निकाल सहसा ‘लक्षणीय’ मानतात. 0.041, 0.048, 0.046 अशी 0.05 च्या जेमतेम खालची मूल्यं ओळीने आली, तर सावध व्हा. मुळात काहीच परिणाम नसताना 20 स्वतंत्र चाचण्या केल्या, तरी त्यांतली निदान एक ‘यशस्वी’ ठरण्याची शक्यता 64 टक्के असते. उरलेल्या चाचण्या निबंधात आल्याच नाहीत, तर वाचकाला पत्ता लागत नाही.

म्हणून पूर्वनोंदणी, म्हणजे अभ्यासाआधीच नोंदवून ठेवलेली त्याची योजना, तपासायची. बहुतेक जण ‘पूर्वनोंदणी केली आहे’ एवढं वाचून समाधान मानतात. खरं काम त्यानंतरचं आहे. दुवा उघडा. नोंदणीची तारीख माहिती गोळा करण्याच्या आधीची आहे का? किती जण घेणार, कोणाला वगळणार, मुख्य मोजमाप कोणतं, हे तिथे काय लिहिलंय? निबंधात मुख्य मोजमाप बदललं असेल आणि कारण दिलं नसेल, तर तो निष्कर्ष फक्त एक अंदाज समजा.

आता पुनरावृत्ती, म्हणजे तोच अभ्यास पुन्हा करून पाहणं. गूगल स्कॉलरवर त्या निबंधाचा हवाला देणाऱ्या लेखांची यादी उघडून त्यात ‘रेप्लिकेशन’ हा शब्द शोधा. 2015 मध्ये 100 अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत परिणाम लक्षणीय होता, पुनरावृत्तीत तो 36 टक्क्यांतच राहिला. पण म्हणून सगळं मानसशास्त्र मोडीत काढू नका. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिला की शाईचा रंग सांगायला वेळ लागतो, हा 1935 मधला स्ट्रूपचा परिणाम आजही पुन्हापुन्हा मिळतो. एखादी पुनरावृत्तीही छोट्या नमुन्यामुळे फसू शकते. जास्त वजन द्या ते अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या कामाला. इच्छाशक्ती वापरून संपते, ही कल्पना 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी 2,000 हून अधिक जणांवर तपासली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

निबंध मागे घेतला गेलाय का, हे नियतकालिकाच्या पानावर मिनिटभरात कळतं. साठवून ठेवलेल्या जुन्या पीडीएफवर ती सूचना नसते, त्यामुळे दर वेळी मूळ पानच उघडा.