ब्रूक्स पर्वतरांगेत प्राणी पाहायला जाण्यापूर्वी

अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांगेतल्या 'गेट्स ऑफ द आर्क्टिक' राष्ट्रीय उद्यानात रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही आणि विसरलेली वस्तू देईल असे दुकानही नाही. तेव्हा सगळी खरेदी फेअरबँक्स शहरातच उरकावी. बूट, उबदार कपडे, पावसाळी जाकीट यांविषयी लिहीत बसत नाही. जुलैत गेलो तेव्हा मी जी विसरलो तीच वस्तू आधी सांगतो: डोक्यावरून मानेपर्यंत ओढायची डासांची जाळी.

प्राणी पाहायचे म्हणजे दुर्बीण लावून तासन्‌तास एका जागी बसायचे, आणि तिथे असे बसलेल्या माणसाच्या पापण्यांनाही डास सोडत नाहीत. समोरच्या कड्यावर डॉल मेंढ्यांचे (इथल्या रानटी डोंगरी मेंढ्यांचे) पांढरे ठिपके स्पष्ट होते, परंतु एका हाताने डास हाकलताना दुसऱ्या हातातली दुर्बीण इतकी हलत होती की माद्या किती आणि कोकरे किती, हे शेवटपर्यंत मोजता आले नाही. जाळी काळीच घ्यावी, कारण पांढऱ्या जाळीवर ऊन चमकते आणि पलीकडचे दिसत नाही. शिवाय दोन घ्याव्यात. डास पळवायचे मलम आहे म्हणून जाळी नको, असे मी म्हणालो होतो. तुम्ही म्हणू नका. कॅरिबूदेखील (उत्तर अमेरिकेतले रेनडिअर) डासांना कंटाळून वारा वाहणाऱ्या डोंगरधारेवर किंवा उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जातात, तेव्हा त्या दिवसांत त्यांना तिथेच शोधावे. मात्र मोठ्या लोंढ्यांची आशा धरू नये: पश्चिम आर्क्टिक कळपात २००३ साली सुमारे ४,९०,००० कॅरिबू होते, २०२३ साली सुमारे १,५२,००० उरले.

अस्वलाला उघडता येणार नाही असा अन्नाचा डबा सक्तीचा आहे. तो रेंजर केंद्रात उसना मिळतो. टूथपेस्ट आणि साबणही त्यातच जातात, आणि डबा तंबूपासून दूर ठेवायचा असतो. ग्रिझली अस्वलाला रोखायचा तिखट फवारा प्रवासी विमानात कोणत्याच सामानात चालत नाही. तो फेअरबँक्समध्ये विकत घ्यावा आणि पुढच्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला तसे आधीच सांगावे. (जाळी घेतली ना?)

हवा बिघडली की परतीचे विमान लांबते, म्हणून दोन-तीन दिवसांचे जादा अन्न. सॅटेलाइट फोन. पाऊस झाल्यावर नदी ओसरेपर्यंत थांबणे. दुर्बिणीचे फडके. आणि जाळी सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या खिशात.