किडनीचा रिपोर्ट हातात आला की पुढचा अंदाज कसा घ्यायचा

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.८ आलं की घरात पहिला प्रश्न, आता डायलिसिस का? एका रिपोर्टवरून ते कोणीच सांगू शकत नाही. जुने सगळे रिपोर्ट काढा आणि तारखेनुसार ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) एका कागदावर लिहा. रिपोर्टवर नसेल तर लॅबवाल्याला काढून द्यायला सांगा, कारण साठीच्या पुरुषाला १.८ म्हणजे साधारण ४२ आणि त्याच वयाच्या बाईला जेमतेम ३२, आकडा तोच पण किडनी वेगळी. वर्षाला एखादा पॉइंट वयानेही उतरतो, ५ च्या वर उतरत असेल तर मात्र नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरकडे) लगेच जा, मग रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागलं तरी.

दुसरी टेस्ट लघवीची, एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातं ते). ही बरेच जण करतच नाहीत आणि खरं भविष्य हिच्यात दिसतं, ३० च्या आत असेल तर बरं, ३०० च्या वर म्हणजे किडनी लवकर खराब व्हायचा धोका जास्त. ३० ते ५९ ईजीएफआरवाल्या बहुतेकांना डायलिसिस लागतच नाही, त्यांना हार्टचा धोका जास्त असतो, म्हणून बीपी १३०/८० च्या आत ठेवा, शुगर सांभाळा आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी किडनी जपणारी गोळी आपल्याला चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

आता खाणं. खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड कमी म्हणजे कमीच, आणि सैंधव पण मीठच आहे हो. शहाळं "थंड असतं" म्हणून सगळे पाजतात पण पोटॅशियम वाढलेलं असेल तर ते हार्टला घातक, आधी रिपोर्ट बघा. भाताच्या लावणीनंतर कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही किडनीला वाईट वेदनाशामक गोळी आणून घ्यायची सवय तर आजच सोडा. पावसात ताप आला की अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळी ताप) चांगली किडनीपण बंद पाडतो.

ईजीएफआर २० च्या आसपास आला की डायलिसिसची तयारी आधीच करायची. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या जोडून करतात ती जागा) तयार व्हायला आठवडे-महिने जातात, तोपर्यंत ज्या हाताचा वापर कमी (बहुतेकांचा डावा) त्यावर सुई टोचू देऊ नका, सलाईन पण नाही, नर्स रागावली तरी चालेल. जवळ कुठे डायलिसिस होतं आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते विचारून ठेवा, आठवड्यातून ३ वेळा चार-चार तास म्हणजे एसटीने लांब जाणं जमणारं नाही. घरातलं कोणी किडनी द्यायला तयार असेल तर डायलिसिसच्या आधीच ट्रान्सप्लांट होऊ शकतं, पण तपासण्यांना वेळ लागतो, तेव्हा गणपतीला भावंडं जमतील तेव्हाच विषय काढा आणि ब्लड ग्रुप लिहून घ्या.